धरलेली मान, आखडलेली कंबर: स्नायू सोडायला शिकणाऱ्या नवशिक्यांसाठी

आपल्या भागात मानेचे दुखणे सांगताना माणूस बहुधा 'मान धरली आहे' असे म्हणतो. कंबरही धरते, पाठ आखडते, आणि आषाढात दिवसभर चिखलात वाकून भाताची रोप लावून आले की सगळे अंग आंबून जाते. 'धरणे' हा शब्द मला फार नेमका वाटतो, कारण अशा दुखण्यात बहुतेक वेळा स्नायू तुटलेला किंवा निकामी झालेला नसतो. त्याने काहीतरी धरून ठेवलेले असते आणि ते सोडायचे कसे याचा आपल्याला विसर पडलेला असतो. हा विसर हलक्या, संथ हालचालींनी आणि लक्षपूर्वक जाणिवेने घालवण्याच्या पद्धतीला 'सोमॅटिक' हालचाली म्हणतात.

मी बेळगावातील वडगावच्या विणकर कुटुंबातली आहे आणि खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत शिकवते. रोजचा बसप्रवास, उजव्या खांद्यावरची वह्यांची पिशवी आणि वर्षानुवर्षे उजवा हात उंचावून फळ्यावर लिहिणे, यांमुळे माझी मान आणि उजवी बाजू अशी धरली की मागे वळून पाहण्यासाठी मला सगळे धड फिरवावे लागे. या मार्गावर मी पहिले तीन महिने जवळजवळ पूर्णपणे चुकीच्या रीतीने घालवले. तुमचे ते तीन महिने वाचावेत म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

१. सुरुवातीपूर्वी डॉक्टरांकडून तपासून घ्या

ही पायरी कोणीही गाळू नये. कंबरदुखीबरोबर लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, मांड्यांच्या मधली बैठकीची जागा बधिर होणे, पायातील शक्ती झपाट्याने कमी होणे यांपैकी काहीही असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ताप, कारण नसताना घटलेले वजन, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे, हातातून वस्तू निसटणे या तक्रारीही आधी डॉक्टरांना दाखवाव्यात. छातीत दडपण येऊन दुखणे डाव्या हातात किंवा जबड्यात उतरत असेल आणि घाम सुटत असेल, तर तो स्नायूंचा विषय समजून घरी चोळत बसू नये. नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, हाडे ठिसूळ झालेले आणि गरोदर स्त्रिया यांनी प्रत्येक हालचाल डॉक्टरांना विचारूनच करावी.

तपासणीला जाताना बरोबर न्यायच्या गोष्टी: जुन्या औषधांच्या चिठ्ठ्या, एक्स-रे किंवा एमआरआय झाला असल्यास त्याची फिल्म आणि अहवाल, सध्या चालू असलेल्या औषधांच्या पट्ट्या, आधार कार्ड, आणि सरकारी योजनेचा लाभ घ्यायचा असेल तर रेशन कार्ड व आयुष्मान कार्ड. आपल्याकडे दवाखान्याचा अर्ज कन्नडमध्ये, अहवाल इंग्रजीत आणि दुखणे मराठीत अशी स्थिती असते. त्यामुळे अहवालात नेमके काय आहे हे डॉक्टरांकडून समजेल त्या भाषेत विचारून घ्या आणि तिथेच वहीत उतरवा. दोन प्रश्न अवश्य विचारा: 'हाडाला किंवा नसेला इजा आहे का?' आणि 'कोणती हालचाल मी मुळीच करू नये?'

येथे एक कळकळीची सूचना आहे. डॉक्टरांना दाखवण्याऐवजी मी एकाच्या सांगण्यावरून मान 'मोडून' घ्यायला गेले होते. कडकन आवाज झाला, दोन दिवस हलके वाटले आणि नंतर तीन आठवडे मला उशीवर डोके टेकवता येईना. मानेला झटका देऊन घेण्याच्या फंदात कृपया पडू नका.

२. साहित्य जमवा; ते बहुतेक घरातच असते

एक जमखाना किंवा जाड सतरंजी, दोन टॉवेल, एक पातळ उशी, सैल कपडे आणि एक वही एवढे पुरते. पावसाळ्यात आपल्याकडची फरशी बर्फासारखी गार पडते आणि गारठ्यात स्नायू आपसूकच आखडतात, म्हणून जमखान्याखाली घोंगडी अंथरावी. कापसाच्या मऊ गादीवर हा सराव करू नये. गादीत अंग रुतते आणि पाठीचा कोणता भाग टेकला आहे, कोणता अधांतरी आहे हे कळत नाही. जमिनीवर उतरणे-उठणे ज्यांना जमत नाही, त्यांनी लाकडी पलंगावर सतरंजी अंथरावी.

दुसरे साहित्य म्हणजे तुमचा स्वतःचा आवाज. व्हिडिओ पाहत हालचाल करणाऱ्याची मान मोबाइलकडे वळलेली राहते आणि लक्ष दुसऱ्याच्या अंगावर असते. शिवाय सूचना इंग्रजीत असल्या की त्यांचा अर्थ लावण्यातच अर्धे मन गुंतते. त्यामुळे खालील कृती नीट वाचून, आपल्या घरच्या बोलीत, सावकाश आणि मध्ये भरपूर थांबे घेत मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि डोळे मिटून ऐका. मी हे केले त्या दिवसापासून माझ्या सरावाला खरा आरंभ झाला.

३. आळोखेपिळोखे आणि ताणणे यांतील फरक समजून घ्या

बाकीच्या सगळ्या पायऱ्या या एका समजुतीवर उभ्या आहेत, म्हणून येथे थोडे थांबू.

'सोमा' या ग्रीक शब्दाचा अर्थ शरीर. अमेरिकन तत्त्वचिंतक थॉमस हॅना यांनी १९७०च्या दशकात 'सोमॅटिक्स' हा शब्द रूढ केला, तो आतून जाणवणारे शरीर या अर्थाने. आरशात दिसते किंवा एक्स-रेमध्ये उमटते ते शरीराचे बाहेरचे रूप. डोळे मिटल्यावर मला माझा खांदा कुठे आहे असे जे जाणवते, ते आतले. हॅना हे मोशे फेल्डेनक्रायस (१९०४–१९८४) यांच्याकडे शिकले होते. फेल्डेनक्रायस अभियंते होते, ज्युदोत निष्णात होते, आणि स्वतःच्या दुखावलेल्या गुडघ्याचा अभ्यास करता करता संथ हालचालींतून शिकण्याच्या पद्धतीकडे वळले होते. त्याआधीच, १९२०च्या दशकात, शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन स्नायू आधी मुद्दाम आवळून मग सोडण्याची शिथिलीकरणाची रीत मांडत होते. आपल्याकडच्या शवासनाशी हे सगळे नात्यातले वाटते.

हॅना यांचे म्हणणे असे की एकच ताण वर्षानुवर्षे दिला की मेंदू तो ताण नेहमीचाच मानू लागतो. स्नायू सतत थोडा आवळलेला राहतो, पण आवळला आहे याची जाणीवच उरत नाही, आणि जे जाणवत नाही ते सोडता येत नाही. अशा स्नायूला जोराने ताणले तर काय होते? डॉक्टर गुडघ्याच्या वाटीखाली लहानशी हातोडी मारतात तेव्हा पाय आपोआप उडतो, हे आपण पाहिले आहे. अचानक ओढला गेलेला स्नायू स्वतःच्या रक्षणासाठी आकसतो. आखडलेल्या कमरेला झटके देऊन पायाची बोटे पकडण्याचा अट्टहास करणारा माणूस याच रक्षणव्यवस्थेशी भांडत असतो.

याउलट मांजर झोपेतून उठते तेव्हा काय करते ते पाहा. ते आधी पाठ आवळून कमान करते आणि मग सावकाश सोडते. तान्हे मूलही असेच करते. मराठीत याला आळोखेपिळोखे म्हणतात. लहानपणी मोठ्या माणसांसमोर आळोखेपिळोखे दिले की आम्हाला दटावले जाई, आणि शाळेत मीही कैक वर्षे मुलांना त्यावरून दटावले; आता दटावत नाही. सोमॅटिक सरावातील प्रत्येक हालचाल याच क्रमाने होते: आखडलेला स्नायू आधी आपण होऊन हळुवार आवळायचा, मग आवळायला लागला त्याच्या तिप्पट-चौपट वेळ घेऊन सोडायचा, आणि शेवटी काहीही न करता थांबायचे. सोडण्याच्या त्या लांबलेल्या वेळातच मेंदूला स्नायूचा ठाव पुन्हा लागतो.

४. आपले अंग कुठे धरले आहे ते ओळखा

हॅना यांनी ताणाच्या तीन ठेवणी सांगितल्या आहेत. सतत कामाच्या घाईत असणाऱ्याची पाठ आणि कंबर मागून आवळलेली असते. तिला ते हिरव्या दिव्याची प्रतिक्षिप्त क्रिया म्हणत. भीती, काळजी आणि पुढे वाकून करायची कामे यांमुळे पोट व छाती आवळून खांदे पुढे येतात. ती लाल दिव्याची. आणि पडणे, मार लागणे किंवा एकाच बाजूवर भार घेणे यांमुळे एक कूस आखडते, ती तिसरी. निपाणीकडे मांडीवर सूप घेऊन तासन्तास विड्या वळणाऱ्या बायकांत आणि मोबाइलवर मान घातलेल्या महाविद्यालयीन मुलांत मला दुसरी ठेवण सारखीच दिसते. उद्यमबागेतील कारखान्यात यंत्रासमोर उभे राहणाऱ्या माझ्या भावाची पहिली होती. कमरेवर घागर घेणाऱ्या माझ्या आईची तिसरी, आणि खांद्यावरच्या पिशवीमुळे माझीही तिसरीच.

ओळखण्यासाठी जमखान्यावर उताणे पडा, पाय सरळ, हात बाजूला. पाच मिनिटे काहीही सुधारू नका. दोन्ही टाचांवर सारखा भार आहे का, कमरेखाली किती पोकळी आहे, कोणते खांद्याचे पाते जास्त टेकले आहे, मान कोणत्या बाजूला झुकते, दात एकमेकांवर दाबले गेले आहेत का, हे फक्त पाहा आणि नंतर वहीत लिहा. पहिल्या दिवशी बहुतेकांना काहीच जाणवत नाही. त्याने निराश होऊ नका. जाणवत नाही हीच पहिली नोंद आहे आणि ती तशीच लिहावी.

५. पहिला पाठ: कंबर

पहिले दोन आठवडे एवढा एकच पाठ करावा. उताणे पडून गुडघे वाकवा, तळपाय जमिनीवर, दोन पायांत कमरेएवढे अंतर. श्वास घेत माकडहाडाकडचा भाग हलकेच जमिनीत दाबा. त्याबरोबर कमरेखालची पोकळी वाढेल आणि पोट वर येईल. जेवढे सहज होते त्याच्या निम्मेच करा. आता श्वास सोडत, मनात सावकाश आठ आकडे मोजत, कंबर परत मूळ जागी येऊ द्या. ती खाली ढकलायची नाही. धरलेली दोरी बोटांतून थोडी थोडी सोडावी तशी सोडायची. मग पोटाचे स्नायू किंचित आवळून कंबर जमिनीला टेकवा आणि तेही तितक्याच सावकाश सोडा. असे सहा ते आठ वेळा करा आणि प्रत्येक वेळेनंतर एक पूर्ण श्वास थांबा.

सोडताना मध्येच कंबर थरथरते किंवा एकदम 'धप्प' खाली येते, तिकडे विशेष लक्ष द्या. तेवढ्या भागावर तुमचा ताबा नाही, असा त्याचा अर्थ. पुढच्या फेरीत तिथे पोहोचल्यावर आणखी हळू व्हा.

मी येथेच चुकले होते. पाठ म्हणजे व्यायाम अशी समजूत असल्यामुळे मी पाच मिनिटांत तीस फेऱ्या मारत असे, श्वास रोखत असे आणि अंग दुखले की काम झाले असे मानत असे. शेजारच्या कन्नड आजी दारातून पाहत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "निधान, निधान." कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश आणि मराठीत निधान म्हणजे ठेवा. या सीमेवर राहिल्यामुळे मला दोन्ही अर्थ एकदम मिळाले, आणि आजही माझ्या ध्वनिमुद्रणात दर फेरीच्या शेवटी तोच शब्द आहे.

६. दुसरा पाठ: पोट, छाती आणि मानेचा पुढचा भाग

तिसऱ्या आठवड्यापासून हा पाठ जोडा. त्याच स्थितीत दोन्ही हातांची बोटे गुंफून डोक्यामागे ठेवा. श्वास घेत आधीसारखी कमरेची हलकी कमान करा. श्वास सोडत कंबर टेकवा आणि हातांच्या आधाराने डोके थोडे उचला, कोपरे एकमेकांकडे येऊ द्या. आता खरा पाठ सुरू होतो: डोके खाली नेताना मणका एकामागून एक टेकतो आहे असे जाणवेल इतक्या संथपणे उतरा, आणि कोपरे उघडत असताना छातीचा पुढचा भाग रुंदावतो त्याकडे लक्ष ठेवा. पाच फेऱ्या पुरेत. ज्यांच्या मानेच्या मणक्यांचा त्रास डॉक्टरांनी सांगितला आहे, त्यांनी डोके उचलू नये. पातळ उशीवर डोके ठेवून फक्त कोपरे जवळ आणावीत आणि सोडावीत.

७. तिसरा पाठ: कूस

एका बाजूला पिशवी, घागर किंवा मूल घेणाऱ्यांना याचा सर्वाधिक उपयोग होतो. डाव्या कुशीवर झोपा, गुडघे काटकोनात पुढे, डावा हात डोक्याखाली. उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानावर ठेवा. श्वास सोडत उजव्या हाताने डोके अलगद उचला आणि त्याच वेळी, गुडघे एकमेकांना टेकलेले ठेवून, उजवे पाऊल वर उचला. उजव्या फासळ्या आणि उजवे कमरेचे हाड एकमेकांकडे सरकतात. वरची कूस आवळली जाते. मग दोन्ही टोके एकाच वेळी, एकाच गतीने, सावकाश खाली न्या. चार-पाच फेऱ्यांनंतर उताणे पडून दोन्ही बाजूंची तुलना करा आणि मगच दुसरी कूस घ्या.

मधली तुलना गाळू नका. पहिल्यांदा मी ती केली तेव्हा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटे खाली, जमिनीला टेकलेला जाणवला. इतक्या वर्षांत तो जमिनीला टेकतच नव्हता हे मला तोवर माहीतच नव्हते. डोळ्यांत पाणी आले.

८. खुर्चीवर किंवा मागाजवळ करायचा छोटा पाठ

ज्यांना दिवसा आडवे होणे शक्य नाही, त्यांनी बसल्या जागी दोन्ही खांदे कानांकडे अर्ध्यापर्यंत उचलावेत, दोन सेकंद थांबावे आणि आठ-दहा सेकंदांत खाली सोडावेत. जबड्यासाठी दात हलके आवळून तसेच सोडावेत. दोन-तीन फेऱ्या पुरतात. शाळेत दोन तासांच्या मधल्या वेळात मी हे करते. आमच्या वडगाव-शहापूर भागातील यंत्रमागावर काम करणाऱ्या माझ्या चुलतभावाने कांडी बदलण्याच्या वेळेला हे जोडून घेतले आहे. रोप लावणाऱ्यांनी बांधावर आल्यावर एकदम मागे वाकून कंबर 'मोडू' नये. उकिडवे किंवा खाली बसून आधी पुढे थोडे आवळावे, मग हळूहळू सरळ व्हावे.

९. वेळ, क्रम आणि नेहमीचे घोटाळे

रोज पंधरा ते वीस मिनिटे, शक्यतो रात्री झोपण्यापूर्वी किंवा सकाळी उठल्यावर, आणि जेवणानंतर निदान दोन तासांनी. आठवड्यातून एकदा तासभर करण्यापेक्षा रोजची दहा मिनिटे अधिक गुणकारी ठरतात, कारण येथे सवय बदलायची आहे. सराव संपला की लगेच उठून कामाला लागू नका. कुशीवर वळा, हाताच्या आधाराने बसा आणि खोलीत एक-दोन मिनिटे सावकाश चाला.

दुखेपर्यंत करणे हा सर्वांत मोठा घोटाळा. तीव्र कळ आली की हालचाल निम्मी करा. तरीही आली तर ती त्या दिवशी नुसती मनात करा. एका पाठाने बरे वाटले म्हणून त्याच दिवशी चार पाठ करू नका. दुसऱ्या दिवशी अंग ठणकते आणि माणूस सरावच सोडतो. बरे वाटू लागल्यावर रक्तदाब, मधुमेह किंवा इतर कोणतीही औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. सरावात कधी अकारण रडू येते, कधी जुनी आठवण वर येते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. थांबावे, पाणी प्यावे. मात्र मन वारंवार अस्वस्थ होत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांशी बोलावे.

१०. शिक्षक शोधताना

आपल्या जिल्ह्यात योगवर्ग पुष्कळ आहेत, पण नेमकी हीच पद्धत शिकवणारे मला जवळपास मिळाले नाहीत. मी दूरस्थ वर्गातून शिकले. पैसे भरण्यापूर्वी शिक्षकाला तीन गोष्टी विचारा: प्रशिक्षण कुठे आणि किती काळ झाले, तुमच्या दुखण्याचा वैद्यकीय अहवाल ते पाहणार का, आणि एक वर्ग करून पाहता येईल का. 'सगळे रोग बरे होतील' असे सांगणाऱ्याकडे जाऊ नका. या पद्धतीवरील संशोधन फिजिओथेरपीच्या मानाने थोडे आहे, आणि प्रामाणिक शिक्षक ते मोकळेपणाने सांगतो. फिजिओथेरपी चालू असेल तर ती चालू ठेवा आणि या सरावाची कल्पना तुमच्या फिजिओथेरपिस्टला द्या.

११. वही वाचा

दर रविवारी आठवड्याच्या नोंदी एकत्र वाचा. दुखणे किती कमी झाले एवढेच पाहू नका. मान किती वळली, झोप कशी लागली, पिशवी कोणत्या खांद्यावर घेतली, हेही लिहा. माझ्या वहीत, सराव योग्य रीतीने सुरू केल्यानंतरच्या सहाव्या आठवड्यात, पहिल्यांदा 'बसमध्ये मागे वळून कंडक्टरकडून सुटे पैसे घेतले' अशी नोंद आहे. सहा ते आठ आठवडे नियमित सराव करूनही वहीत काहीच बदल दिसत नसेल, किंवा दुखणे वाढत असेल, तर सराव थांबवा आणि हीच वही घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जा. कोणत्या हालचालीला, कोणत्या वेळी, किती दुखते हे तिच्यात लिहिलेले असल्यामुळे त्यांनाही पुढची तपासणी ठरवणे सोपे जाईल.